घसारा आणि झीज

व्यापारी घरात मोटार दोनदा जुनी होते, एकदा रस्त्यावर आणि एकदा खतावणीत. खतावणीतले जुने होणे फार शिस्तीचे असते. पेढीच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर आयकराच्या नियमांप्रमाणे दरसाल १५ टक्के घसारा मिळतो आणि तोही उरलेल्या किमतीवर. दोन लाखांना घेतलेली गाडी पहिल्या वर्षअखेरीस १,७०,००० रुपयांची होते, दुसऱ्या वर्षअखेरीस १,४४,५०० रुपयांची, आणि अशी पायरी-पायरीने उतरत विसाव्या वर्षाच्या शेवटी सुमारे ७,७५० रुपयांवर येऊन थांबते. आयकरात एकेक वस्तू सुटी न धरता मालमत्तेचा गट धरतात हे खरे. परंतु हिशोब समजण्यापुरती एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

रस्त्यावरची झीज अशी टक्केवारीने होत नाही. तिला वर्षअखेर ठाऊक नसते. एखादा भाग पंधरा वर्षे जशाचा तसा राहतो आणि एका पावसाळ्यात संपतो. हिशोबनीसाला गाडीची किंमत चार आकडी दिसत असते, तेव्हाही तीच गाडी घरातल्या पाच माणसांचा भार पूर्वीइतकाच वाहत असते. सांगलीतील हळद आणि बेदाण्याचा व्यवहार करणाऱ्या एका पेढीच्या घरी २०२४ च्या उन्हाळ्यात हा फरक सगळ्यांच्या ध्यानात आला, तो एका लहानशा सांध्यामुळे.

या घरची गाडी म्हणजे २००४ साली घेतलेली मारुती आठशे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती आठशे ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत ती व्यापारी पेठांमध्ये इतकी रुळली, की आजही तालुक्याच्या गावी तिचे सुटे भाग मिळतात आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्रीही भेटतो. घरात आता दुसरी मोठी गाडी आहे. मुलगा तीच वापरतो. आठशे उरली ती थोरल्या सूनबाईंच्या वाट्याला. त्या मिरजेच्या एका शाळेत शिकवतात; धाकटी मुलगी त्याच शाळेत आहे. सकाळी दोघी सांगली-मिरज रस्त्याने जातात, दुपारी परततात. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पहिली मुदत २०१९ मध्ये संपली तेव्हा ते केले होते. २०२४ मध्ये पुन्हा वेळ आली होती आणि गाडी ठेवावी की भंगारात द्यावी, हा प्रश्न जेवणाच्या ताटावर अधूनमधून निघत असे.

त्याच सुमारास सूनबाईंना गाडीत एक आवाज ऐकू येऊ लागला. गतिरोधकावरून उतरताना डाव्या बाजूने ‘खट्’ असा एकच ठोका पडे. त्यांनी घरी सांगितले. मुलगा म्हणाला, “जुनी गाडी आहे, आवाज करणारच.” हे वाक्य व्यापारी घरांना अपरिचित नाही. थकलेल्या उधारीबद्दलही असेच म्हणतात: जुने गिऱ्हाईक आहे, थोडे मागे-पुढे होणारच. जुनेपणाचे कारण पुढे केले की तपासणी टळते, आणि बुडीत खात्यांपैकी पुष्कळशी खाती अशीच बुडालेली असतात.

सूनबाईंनी वाद घातला नाही. शिक्षिकेच्या सवयीने त्यांनी शाळेच्या डायरीच्या शेवटच्या पानावर टिपणे ठेवायला सुरुवात केली. आवाज केव्हा येतो? फक्त डावे पुढचे चाक खड्ड्यात गेले तर. वेग? कमी असताना जास्त स्पष्ट. ब्रेक दाबल्यावर? फरक नाही. आणखी एक नोंद त्यांनी केली होती, ती सर्वांत महत्त्वाची ठरली: सरळ रस्त्यावर स्टिअरिंग बोटभर फिरवले तरी गाडी लगेच वळत नाही, मग एकदम वळते. तीन आठवड्यांनी ते पान त्यांनी सासऱ्यांसमोर ठेवले. “मामा, हे एकदा वाचा,” एवढेच म्हणाल्या.

आप्पांनी पान वाचले. ते आता रोज पेढीवर बसत नाहीत. पण तरुणपणी पेढीच्या जुन्या फियाटचे किरकोळ काम स्वतः करणाऱ्यांपैकी ते होते. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि विचारले, “किती दिवस झाले म्हणालीस?”

येथे त्या सांध्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मारुती आठशेमध्ये स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरते आणि पट्टी डावीउजवीकडे सरकते. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक दांडी जोडलेली असते व ती दांडी आपापल्या बाजूचे चाक ओढते किंवा ढकलते. दांडी आणि चाक जिथे भेटतात तिथला सांधा म्हणजे टाय रॉड एंड. गॅरेजमध्ये नुसते ‘एंड’ म्हणतात. ‘एंड गेले’ म्हटले की मिस्त्रीला सगळे कळते. माणसाच्या खांद्यात जशी वाटी आणि वाटीत गोळा असतो, तशीच याची रचना आहे. चाक खड्ड्यात खाली-वर होते आणि वळणावर फिरतेही, म्हणून सांध्याला सर्व दिशांनी हलता आले पाहिजे. पण तसूभरही सैल होता कामा नये. वाटीत ग्रीस भरलेले असते आणि ते राखण्यासाठी वर एक रबरी टोपी असते. सारी राखण त्या टोपीची. रबर कडक होऊन चिरले, की ग्रीस बाहेर येते, पाणी आणि बारीक माती आत जाते आणि पोलाद पोलादाला खाऊ लागते.

हे खाणे बाहेरून दिसत नाही. सुरुवातीला फक्त ठोका ऐकू येतो. मग स्टिअरिंगला ढिलाई येते, टायर एका कडेने झिजू लागतो. अगदीच दुर्लक्ष झाले तर एके दिवशी गोळा वाटीतून निसटतो. तसे झाले की इंजिन चालू असते, ब्रेक लागतात, स्टिअरिंगही हातात फिरते, पण एक पुढचे चाक कोणाचेच ऐकत नाही. सांगली-मिरज रस्त्यावरच्या सकाळच्या गर्दीत असे घडले तर काय होईल, हे आप्पांनी घरात बोलून दाखवले नाही. दुसऱ्या दिवसापासून सूनबाई आणि नात रिक्षाने जातील, एवढे मात्र त्यांनी त्याच रात्री ठरवले. मुलाने मोठी गाडी देऊ केली. ती सकाळी बाजार समितीत लागते म्हणून सूनबाईंनीच नको म्हटले.

रविवारी अंगणात तपासणी झाली. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमा करणारा नातू मदतीला होता. पहिली तपासणी चाके जमिनीवर असतानाच केली. सूनबाई चालकाच्या जागेवर बसल्या आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवू लागल्या. आप्पांनी डाव्या चाकामागे हात घालून बोटे सांध्यावर ठेवली. दांडी आधी हलत होती, चाकाची भुजा क्षणभराने. त्या क्षणात बोटांखाली तोच ‘खट्’ लागत होता. मग जॅकवर चाक उचलून त्यांनी ते घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले. चाक डुलले. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले तेव्हा डुलले नाही. वर-खाली ढिलाई असती, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा खालच्या बॉल जॉइंटवर गेला असता. आडवी ढिलाई आणि बोटांना लागलेला ठोका, दोन्ही साक्षी एकाच सांध्याविरुद्ध होत्या. टोपी खालच्या बाजूने फाटलेली होती आणि तिच्या कडेला वाळलेला गाळ होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या अंगणात चाके बुडतील इतके पाणी आले होते. तेव्हा गाडी धुतली, तेले बदलली, ब्रेक पाहिले. रबराच्या टोप्या मात्र कोणी वाकून पाहिल्या नव्हत्या. त्या गाळाचा यात कितपत हात होता, हे पाच वर्षांनंतर कोण सांगणार?

गल्लीच्या टोकाला राहणारे वृद्ध मिस्त्री आता गॅरेज चालवत नाहीत. आप्पा त्यांच्याकडे पुलर मागायला गेले. मिस्त्रींनी पुलर दिला, पण अटीवर. “आप्पा, काम करा, माझं काय म्हणणं नाही. पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालायचा नाही. घोडी लावायची. अन् काम झाल्यावर अलाइनमेंट केल्याबिगर ही गाडी मिरजेला जाणार नाही, असं सांगा मला.” आप्पांनी सांगितले. ज्या घरी गाडीला घोडी लावायची सपाट, टणक जागा नाही, त्या घरी हे काम करूच नये. तिथे गॅरेजची मजुरी हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

सुटा भाग आणायला आजोबा-नातू दोघे गेले. दुकानदाराने तीन डबे काढले. एक कंपनीचा, एक नावाजलेल्या सुट्या भागांच्या उत्पादकाचा आणि एक हुबेहूब पहिल्यासारखा दिसणारा, पण निम्म्या किमतीचा. तिसरा डबा पुढे सरकवत तो म्हणाला, “गाडी किती दिवस ठेवणार आहात? हा चालून जाईल. आणि बिल नको असेल तर अजून कमी करतो.” आप्पांनी तो भाग हातात घेऊन पाहिला. आटे ओबडधोबड होते आणि गोळ्याची दांडी दोन बोटांनीच इकडून तिकडे पडत होती. चांगल्या नव्या सांध्यात ती जोर लावल्याशिवाय हलत नाही आणि जिथे ठेवावी तिथे राहते. ज्याने चाळीस वर्षे हळद विकली, त्याला पिवळा रंग आणि हळद यांतला फरक शिकवावा लागत नाही. त्यांनी दुसऱ्या डब्यातले दोन नग घेतले, डावा आणि उजवा, आणि पक्के बिल मागितले. बिल हे करापुरते नसते. भाग सदोष निघाला तर तो कोणाकडून घेतला याचा तोच एक पुरावा असतो. दुकानदारानेही मग न कुरकुरता बिल केले. गिऱ्हाईक नीट मागते तेव्हा दुकानदारही बहुधा नीट वागतो.

काम पुढच्या रविवारी सकाळी सातला सुरू झाले, कारण मे महिन्यात दहानंतर सांगलीच्या अंगणात लोखंडाला हात लावता येत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावलेले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, मग जॅक, मग घोडी. गाडी घोडीवर टेकल्यावर आप्पांनी तिला बाजूने हिसका देऊन पाहिला. ती हलली नाही, तेव्हाच चाक काढले.

आट्यांवर वीस वर्षांची माती होती. नातवाने तारेच्या ब्रशने ती काढली, गंज सोडवणारे तेल मारले आणि अर्धा तास थांबायचे ठरले. या अर्ध्या तासात तरुणांचा हात फार शिवशिवतो. पण कोरड्या गंजावर पाना लावला, तर नटाचे कोपरे गोल होतात आणि अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. थांबलेल्या वेळात नातवाने दांडीवर लॉकनटाच्या कडेला पांढऱ्या रंगाची खूण केली आणि लॉकनटापासून सांध्याच्या मध्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजून वहीत लिहिले. चाक सरळ आहे की तिरपे, हे सारे त्या एका अंतरावर अवलंबून असते.

लॉकनट तेलाने सुटला. स्प्लिट पिन मात्र गंजून तुटली आणि तिचा तुकडा भोकातून काढायला बराच वेळ गेला. खाचांचा नट निघाला, तरी सांधा निघेना. हे अपेक्षितच होते. गोळ्याची दांडी निमुळती असते आणि चाकाच्या भुजेतल्या निमुळत्या भोकात घट्ट बसते. नट फक्त तिला ओढून धरतो. खरी पकड त्या निमुळतेपणाची. वरून आट्यांवर हातोडा मारणे ही घाईची रीत. तिने आटे चेचले जातात. आप्पांनी नट पुन्हा दोन-तीन आटे वर चढवून ठेवला, म्हणजे सुटताना सांधा उसळू नये, आणि पुलर लावून आवळत नेला. पुलर ताणात असताना भुजेच्या बाजूला हातोडीचा एक ठोका दिला. मोठा ‘ठक्क’ असा आवाज झाला आणि सांधा सुटला. आतून सूनबाई धावत बाहेर आल्या. “मामा, काय मोडलं?” “मोडलं नाही गं. सुटलं.”

नातवाने जुना सांधा आटे मोजत उघडला. साडेएकोणीस फेरे. तेवढेच फेरे देऊन नवा चढवला आणि व्हर्नियर लावले, तर अंतर जुन्या नोंदीपेक्षा किंचित वेगळे निघाले. दोन उत्पादकांच्या भागांत असा फरक असतोच. म्हणून नुसती फेऱ्यांची मोजणी पुरेशी नाही. अंतर जुळवून घेतले. नवी दांडी भोकात बसवून नट आवळला, तेव्हा त्याची खाच आणि पिनेचे भोक समोरासमोर येईनात. नातू म्हणाला, “आजोबा, थोडा सैल करू का?” आप्पांनी मान हलवली. खाच जुळवण्यासाठी नट नेहमी पुढेच न्यायचा, मागे कधीच नाही. मागे घेतला तर निमुळत्या भागाची पकड सैल होते आणि नवा सांधाही पहिल्याच महिन्यात वाजू लागतो. पाव फेऱ्याच्या आत खाच जुळली. नवी पिन घातली, तिची टोके दुमडली, लॉकनट आवळला.

डाव्या बाजूला दोन तास लागले, उजव्या बाजूला पाऊण. उजवा सांधा वाजत नव्हता, म्हणून तो बदलायचा की नाही यावर नातवाने शंका घेतली होती. दोन्ही जुने सांधे जुन्या वर्तमानपत्रावर शेजारी ठेवल्यावर शंका उरली नाही. डाव्याची दांडी आडवा धरताच खाली लोंबत होती. उजव्याची अजून उभी राहत होती, पण बोटाच्या टोकाने ढकलली की पडत होती.

मुलगा न्याहारीनंतर अंगणात आला. त्याने डावा सांधा उचलला, हलवला, पुन्हा हलवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आप्पा, हे दुरुस्ती खात्यालाच टाकायचं ना?” प्रश्न हिशोबाचा होता आणि उत्तरही हिशोबाचेच आहे. झिजलेला भाग बदलणे हा महसुली खर्च. त्याने मालमत्तेची किंमत वाढत नाही. बिल रोजमेळात गेले, तरी खतावणीत गाडी होती तिथेच राहिली. ताळेबंद वाचणाऱ्याला त्या रविवारी या घरात काही घडले, असे कधीच दिसणार नाही. सूनबाईंच्या डायरीचे ते पान मुलाने मागून घेतले आणि बिलासोबत फाइलला लावले. ते कोणत्या नियमाखाली, हे त्याने सांगितले नाही.

दुपारी सूनबाईंनीच गाडी गल्लीतून फिरवून आणली. ठोका गेला होता, बोटभर ढिलाईही गेली होती. पण गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचा आडवा दांडा किंचित उजवीकडे कललेला राहत होता. मिस्त्रींची दुसरी अट यासाठीच होती. पुढची दोन चाके एकमेकांना जवळजवळ समांतर असावी लागतात. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधला फरक मिलिमीटरमध्ये मोजतात. दांडी एका आट्याने सरकली, तर चाकाच्या कडेला तो फरक त्याहून मोठा होऊन दिसतो. व्हर्नियर आणि पांढरी खूण यांनी गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू नेण्याइतपत सरळ होते, त्यापुढे नाही. तिरपे चाक रस्त्यावर लोळत नाही, घासत जाते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये टायरची एक कड खाऊन टाकते. डाव्या टायरची आतली कड तशीच खाल्ली गेली होती. तो टायर सोमवारी बदलला. अलाइनमेंटच्या यंत्रावर डावी-उजवी दांडी थोडी थोडी फिरवून आकडे जुळवले, लॉकनट पुन्हा घट्ट केले आणि स्टिअरिंगचा दांडा आडवा झाला. छापील चिठ्ठी आप्पांनी मिस्त्रींना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंचे आकडे वाचले आणि पुलर परत घेतला.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज त्या आठवड्यात भरला गेला. भंगाराचा विषय ताटावर पुन्हा निघाला नाही, निदान त्या वर्षी तरी. बुधवारपासून सूनबाई पुन्हा आठशे घेऊन मिरजेला जाऊ लागल्या. शंभर किलोमीटर झाल्यावर आप्पांनी गाडी अंगणात उभी करायला लावली, दोन्ही बाजूंच्या पिना पाहिल्या आणि चाकांचे नट एकाआड एक पुन्हा आवळले. उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला.